लेसरने जिवंत पेशी छापणं: खान्देशातून सारखे विचारले जाणारे प्रश्न

मोबाईलवर "लेसरने छापली माणसाची कातडी" असा एखादा व्हिडिओ फिरला की दोन दिवसात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तेच ते प्रश्न सुरू होतात, कॉलेजची पोरं वेगळं विचारतात, लग्नात भेटलेले पाहुणे वेगळं विचारतात, आणि ज्यांच्या घरात पेशंट आहे ते तर अगदी हळू आवाजात विचारतात. म्हणून सगळं एका जागी टाकतोय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, क्रम लावत बसलो नाही.

बायोप्रिंटिंग म्हणजे नेमकं काय भो? अवयव छापतात का?

अवयव नाही छापत, अजून तरी नाही. जिवंत पेशी आणि त्यांना धरून ठेवणारं जेल, हे कॉम्प्युटरने ठरवलेल्या जागेवर थेंबाथेंबाने किंवा थराथराने ठेवायचं, एवढंच मशीन करतं. पुढचं काम पेशी स्वतः करतात, एकमेकींना चिकटतात, वाढतात, आपल्याभोवती स्वतःचं जाळं विणतात, आणि सगळं जमलं तर काही आठवड्यांनी त्याला टिश्यू, म्हणजे ऊती, म्हणता येतं. बातमीत हा दुसरा भाग नेहमी गाळलेला असतो आणि खरी मेहनत तिथेच आहे.

मग यात लेसर कुठे आला?

पेशी ठेवायच्या तीन-चार पद्धती आहेत, त्यातली एक लेसरची. तिच्यात वर एक काचेची पट्टी असते, काच किंवा क्वार्ट्झ. तिच्या खालच्या बाजूला सोनं किंवा टायटॅनियमचा अतिशय पातळ थर, साधारण ५० ते १०० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि त्या थराखाली पेशी मिसळलेलं जेल पसरलेलं, तेही मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं किंवा त्याहून पातळ. या सगळ्याला मिळून रिबन म्हणतात. रिबनच्या खाली थोडं अंतर सोडून दुसरी काच किंवा जेलचा बेस, जिथे पेशी पडायला पाहिजेत.

आता लेसरचा एक झटका वरून काचेतून येतो, काही नॅनोसेकंदांचा. तो धातूच्या थरात शोषला जातो, तिथे क्षणात वाफेचा बुडबुडा तयार होतो, बुडबुडा फुगून जेलला खाली ढकलतो, त्यातून एक बारीक धार निघते आणि तिचा थेंब खालच्या बेसवर जाऊन बसतो. थेंब किती मोठा, तर काही पिकोलिटरपासून काहीशे पिकोलिटरपर्यंत (एक पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा शंभर कोटीवा भाग), म्हणजे डोळ्याने एकेक थेंब दिसायचा विषयच नाही. त्यात पेशी किती येतील ते जेलमधे किती दाट मिसळल्या आणि लेसरची ताकद किती ठेवली यावर, पाच-दहा येतात, नीट सेटिंग केलं तर एकदोनवरही आणता येतं. मग लेसर पुढच्या जागी सरकतो आणि परत तेच, सेकंदाला हजारो वेळा.

लेसरने तर लोखंड कापतात, पेशी जळत कशा नाहीत?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि विचारणारा बरोबरच विचारतो. तीन कारणं आहेत.

एक म्हणजे लेसर पेशीला लागतच नाही, किंवा फार कमी लागतो, कारण मधला धातूचा थर बहुतेक सगळी ऊर्जा खाऊन टाकतो, त्यासाठीच तर तो ठेवलेला असतो. दुसरं म्हणजे वेळ. झटका इतका छोटा असतो की उष्णता धातूच्या अगदी जवळच्या पापुद्र्यातच राहते, पेशीपर्यंत पसरायला तिला वेळच मिळत नाही, तोवर थेंब निघून गेलेला असतो. तिसरं म्हणजे ऊर्जाच मुळात मायक्रोज्यूलमधे मोजायची, लोखंड कापणाऱ्या लेसरशी हिचा हिशोब लावू नका.

जर्मनीत हॅनोव्हरच्या लेसर सेंटरमधल्या गटाने २०१० मधे मोजून दाखवलं होतं की कातडीच्या पेशी सुमारे ९८ टक्के जगल्या आणि स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या जातीच्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी, सुमारे ९० टक्के. हा आकडा चांगला आहे, बऱ्याच सिरिंजवाल्या प्रिंटरपेक्षा चांगला.

खरा धोका उष्णतेपेक्षा आपटण्याचा असतो, थेंब जोरात येतो आणि खाली नुसती कडक काच असेल तर पेशी फुटतात, म्हणून खाली जेलची गादी घालावीच लागते. आणि लेसर अल्ट्राव्हायोलेट असेल तर डीएनएची काळजी असते, त्यामुळे बरेच गट १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेसर वापरतात. तो डोळ्याला दिसत नाही, आणि म्हणूनच पेशीपेक्षा ऑपरेटरच्या डोळ्याला जास्त धोकादायक, चष्म्याशिवाय त्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

सिरिंजवाला थ्रीडी प्रिंटर स्वस्तात मिळतो म्हणे, मग लेसरची चैन कशाला?

बऱ्याच कामांना खरंच गरज नाही. सिरिंजमधून जेल दाबून काढणारे प्रिंटर जगात सगळ्यात जास्त वापरले जातात आणि मोठा, जाड तुकडा पटकन बनवायचा तर तेच बरे. पण बारीक नोझलमधून जाताना पेशी घासल्या जातात, दाबाने मरतात, आणि पेशी दाट घातल्या की नोझल चोक होतं. इंकजेटला तर घट्ट जेल चालतच नाही.

लेसरमधे नोझलच नाही. त्यामुळे चोक व्हायचा प्रश्न मिटला, जेल घट्ट चालतं, आणि एका मिलिलिटरमधे १० कोटी पेशी इतका दाट माल चालतो, जो आपल्या शरीरातल्या दाटीच्या बराच जवळ जातो. अचूकता पण भारी, पेशीच्या मापाच्या आसपास.

तोटे पण ऐका ना मग. प्रत्येक जातीच्या पेशीसाठी वेगळी रिबन बनवावी लागते आणि ते हाताचं, वेळखाऊ काम आहे. पातळ थर पटकन वाळतो (आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत एसी बंद पडला तर काय होईल याचा विचारच नको). पेशी जड असल्याने काही मिनिटांत जेलमधे एका बाजूला बसायला लागतात, मग पहिल्या थेंबात वेगळ्या संख्येने आणि शेवटच्या थेंबात वेगळ्या संख्येने येतात. धातूचे बारीक कण खाली पडतात ते वेगळंच, थोडेसेच असतात पण माणसाच्या अंगात घालायचं म्हटल्यावर त्याचं उत्तर द्यावं लागतं. आणि मशीन महाग, लेसर महाग, सांभाळणारा माणूस त्याहून महाग.

ही शाई कशाची असते? आम्ही माळकरी आहोत, यात प्राण्यांचं काही असतं का?

असतं, आणि स्पष्ट सांगितलेलं बरं. सगळ्यात जास्त वापरली जाणारी जेलं म्हणजे कोलॅजन आणि जिलेटिन, ती बहुतेक गाय, डुक्कर किंवा उंदराच्या शेपटीपासून काढलेली. मॅट्रिजेल नावाचं एक फार वापरतात, ते उंदराच्या गाठीपासून येतं. आणि पेशी वाढवायच्या पाण्यात वासराच्या रक्ताचा सिरम घालतात.

दुसऱ्या बाजूला अल्जिनेट समुद्री शेवाळापासून येतं, त्यावर कॅल्शियम क्लोराईड टाकलं की लगेच घट्ट होतं. रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिनची जोडी माणसाच्या रक्तातूनच मिळू शकते. सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं कोलॅजन आणि सिरमशिवायचं पाणी हेही आता मिळतं, आणि माणसासाठीचं प्रॉडक्ट करताना शास्त्रज्ञ स्वतःच तिकडे वळतात, कारण प्राण्याच्या मालात प्रत्येक बॅच वेगळी निघते आणि इन्फेक्शनची भीती असते. ज्याला श्रद्धेचा प्रश्न आहे त्याने उपचाराच्या वेळी सरळ विचारायचं, डॉक्टरला राग येत नाही.

आमच्याकडे केळीचं टिश्यू कल्चर तर कधीपासून आहे, हे तेच ना?

रावेर, यावल, चोपड्याकडच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. जी-नाईन जातीच्या केळीची रोपं लॅबमधून येतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे निम्मं काम सोपं होतं, निर्जंतुक खोली, बाटलीतलं खाद्य, एक बुरशी शिरली की सगळी बॅच कचऱ्यात, हे दोन्हीकडे सेम.

पण केळीच्या कोंबाचा छोटा तुकडा योग्य हार्मोनमधे ठेवला की पूर्ण झाड कसं बनवायचं ते त्याला आपोआप माहीत असतं, मूळ, खोड, पान सगळं. माणसाच्या कातडीची पेशी घेतली तर ती फार तर कातडीचा पापुद्रा करेल, हात नाही करणार. तिला शेजारी कोण पाहिजे, खाली काय पाहिजे, हे बाहेरून मांडून द्यावं लागतं, आणि प्रिंटर लागतो तो त्या मांडणीसाठी. दुसरा फरक असा की केळीच्या रोपाला पुढे माती आणि ठिबक मिळालं की भागतं, माणसाच्या टिश्यूला रक्त लागतं. त्यावर पुढे किडनीच्या प्रश्नात बोलू, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय.

हे शोधलं कोणी?

एका माणसाचं नाव घेता येणार नाही. लेसरने एका पट्टीवरचा माल दुसरीकडे उडवायची युक्ती १९८६ मधे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या अप्लाइड फिजिक्स लॅबमधे बोहँडी आणि सहकाऱ्यांनी दाखवली, पण ती तांब्याच्या रेघा काढायला, इलेक्ट्रॉनिक्ससाठी. पेशींचा कोणी विचारही केला नव्हता. १९९९-२००० च्या सुमारास ऑड आणि रेन या जोडीने प्रकाशाच्या नुसत्या दाबाने एकेक पेशी ढकलत नेऊन बसवली, सुंदर काम पण भयंकर हळू. त्याच काळात अमेरिकन नौदलाच्या रिसर्च लॅबने रिबनची पद्धत जिवंत पेशींवर आणली. नंतरचा मोठा पल्ला हॅनोव्हर आणि फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या गटांनी गाठला, बोर्दोच्या कामातून २०१४ मधे पोइएटिस नावाची कंपनीपण निघाली.

लेसर सोडून नुसतं पेशी छापणं म्हणाल तर १९८८ मधे क्लेबेने साध्या इंकजेट प्रिंटरवर त्याची सुरुवात केली होती.

आत्तापर्यंत काय काय छापून झालंय?

कातडीचं काम सगळ्यात पुढे आहे. २०१३ मधे हॅनोव्हरच्या गटाने एका तयार जाळीवर फायब्रोब्लास्टचे २० थर आणि त्यावर केरॅटिनोसाइटचे २० थर लेसरने छापले, म्हणजे आतली कातडी आणि वरची कातडी, आणि ते उंदराच्या पाठीवरच्या जखमेत बसवलं. ११ दिवसांत वरचा थर धरला, आणि उंदराच्या रक्तवाहिन्या खालून छापलेल्या भागाच्या दिशेने यायला लागल्या. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग, कारण नुसतं छापलं नाही तर अंगाने ते स्वीकारायला सुरुवात केली.

बोर्दोवाल्यांनी वेगळीच गंमत केली, लॅबमधे छापून नंतर बसवायच्या ऐवजी थेट उंदराच्या कवटीतल्या छिद्रातच छापलं, आधी हाडाचं खनिज आणि नंतर २०१७ मधे स्टेम सेलसुद्धा. त्यात दिसलं की तेच साहित्य भरीव चकतीच्या आकारात छापलं तर हाड चांगलं भरतं, आणि कडेने कड्यासारखं छापलं तर तितकं नाही. म्हणजे माल तोच, फक्त जागा बदलली आणि निकाल बदलला. प्रिंटर कशाला पाहिजे विचारणाऱ्याला मी हेच सांगतो.

२०११ मधे हार्टअटॅक आलेल्या उंदराच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, हृदयावर लेसरने पेशींची नक्षी काढलेला पॅच लावला, तिथे बारीक रक्तवाहिन्या वाढल्या आणि हृदयाचं काम सुधारलं. २०१८ मधे फिनलंडच्या टॅम्पेरेच्या लोकांनी हॅनोव्हरसोबत कॉर्नियासारखी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यासारखी, रचना छापली. यादी अजून मोठी आहे, पण लक्षात घ्या, उंदीर, उंदीर आणि लॅबमधली बशी. कवटीवाला उंदीर बरा झाला म्हणून पाहुण्याचं हाड उद्या भरून येत नाही.

घरात एक जण खूप भाजलंय. हे आज मिळेल का?

नाही. वाईट वाटतं पण खोटी आशा लावण्यात अर्थ नाही. लेसरने छापलेली कातडी आज आपल्याकडे कुठल्याही हॉस्पिटलमधे उपचार म्हणून मिळत नाही. फ्रान्समधे पोइएटिसने मार्सेच्या सरकारी हॉस्पिटलसोबत माणसावरच्या चाचणीच्या दिशेने काम केलं, जगात गोष्ट तिथपर्यंत गेली होती.

आज जे मिळतं ते असं. पेशंटच्याच मांडीची किंवा पाठीची पातळ कातडी काढून लावायची, म्हणजे ग्राफ्ट, हा मुख्य उपचार. अंग फार भाजलं असेल आणि काढायला कातडीच उरली नसेल तर स्किन बँकेतली, म्हणजे मृत्यूनंतर दान केलेली कातडी तात्पुरती झाकण म्हणून लावतात. ती दोन-तीन आठवड्यांत शरीर टाकून देतं, पण तेवढ्यात पाणी आणि प्रोटीनची गळती थांबते, इन्फेक्शन कमी होतं आणि माणूस वाचायची शक्यता वाढते. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमधे अशी बँक आहे, मुंबईत सायन हॉस्पिटलमधे पण.

कातडी दान मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत घ्यावी लागते, रक्तगट जुळवायची गरज नसते, आणि फक्त वरचा पातळ थर घेतात, बॉडी विद्रूप होत नाही. ग्लिसरॉलमधे ठेवून ती पाच वर्षांपर्यंत वापरता येते. आपल्याकडे डोळ्यांच्या दानाबद्दल लोकांना कळलंय, कातडीबद्दल विचारलं की चेहरेच बदलतात. लेसरच्या व्हिडिओला हजार शेअर मिळतात, याला का नाही मिळत मला कळत नाही.

तसं पेशंटच्या पेशी लॅबमधे वाढवून पापुद्रा लावणं हे काही नवीन नाही, हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ मधे पद्धत दाखवली आणि १९८० च्या दशकात भाजलेल्यांवर वापरलीसुद्धा. त्याला तीनेक आठवडे लागतात, पापुद्रा फार नाजूक असतो, खर्च पण मोठा.

किडनी कधी येईल? माझ्या भावाचं डायलिसिस सुरू आहे.

जवळच्या काळात नाही, ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लावलं नसेल तर लावा, याची वाट बघू नका.

कारण सांगतो. पेशीला ऑक्सिजन नुसता झिरपून मिळतो तो १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या भागापर्यंत, त्यापेक्षा लांब रक्तवाहिनी असेल तर पेशी मरते. म्हणून पातळ कातडी आणि कॉर्निया आधी जमतात, कॉर्नियात तर रक्तवाहिन्याच नसतात. किडनी हा जाड अवयव, एका किडनीत साधारण १० लाख गाळण्या, प्रत्येकीला स्वतःची केशवाहिनी. ते जाळं छापायचं, ते मुख्य धमनीला शिवता आलं पाहिजे, आणि दाबाने फुटलं नाही पाहिजे.

वेळेचा हिशोब पण करून बघा. १० पिकोलिटरचा थेंब धरला तर एका मिलिलिटरला १० कोटी थेंब लागतात. सेकंदाला ५ हजार थेंब पडले तर साडेपाच तास. किडनी धरा १५० मिलिलिटर, म्हणजे न थांबता जवळपास ३५ दिवस, आणि रिबन बदलायचा वेळ यात धरलेला नाही. पहिल्या दिवशी छापलेल्या पेशी ३५ दिवस मशीनवर उघड्या बसतील का? म्हणून मोठ्या अवयवासाठी लेसर एकटा नाहीच, झालं तर जाड भाग दुसऱ्या पद्धतीने आणि बारीक नक्षी लेसरने, असं काहीतरी जोडकाम होईल.

आईचे गुडघे गेलेत. कूर्चा छापून बसवता येईल?

कूर्चात रक्तवाहिन्या नसतात त्यामुळे कागदावर सोपं वाटतं, पण तिच्यावर रोज अंगाचा सगळा भार येतो आणि छापलेलं जेल तेवढं टिकत नाही. संशोधन जोरात आहे. वय झालेल्या, पूर्ण घासलेल्या गुडघ्याला आज ऑर्थोपेडिक डॉक्टर जे सांगतात तेच.

नंदुरबारकडे सिकलसेल खूप आहे, त्याला उपयोग?

नाही, रस्ताच वेगळा आहे. सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जीनचा आजार, टिश्यू कुठे बसवून तो जात नाही. तिथे बोन मॅरो ट्रान्सप्लांट आहे, आणि २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत जीन एडिटिंगच्या उपचाराला परवानगी मिळाली. आपल्याकडे आज कामाची गोष्ट म्हणजे तपासणी आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेळेवर घेणं, २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मिशन सुरू आहे, सातपुड्यातल्या पाड्यांवर पण तपासण्या होतात, करून घ्या.

पेशी कुणाच्या वापरतात? शरीर नाकारणार नाही?

शक्यतो पेशंटच्याच. कातडीचा छोटा तुकडा घ्यायचा, पेशी सुट्या करायच्या, लाखांच्या कोटी होईपर्यंत वाढवायच्या, मग छापायच्या. स्वतःच्या असल्याने नाकारायचा धोका फार कमी, पण जेलवर शरीर चिडू शकतं. दुसऱ्याच्या पेशी तयार ठेवल्या तर वेळ वाचतो, पण मग इम्यूनचा प्रश्न परत आलाच.

छापल्यावर लगेच लावतात का?

नाही ना. ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साईड, रोज किंवा दिवसाआड नवीन पाणी, असं इन्क्युबेटरमधे ठेवावं लागतं. कातडीला दोन-तीन आठवडे, आणि त्यातही वरचा भाग हवेत उघडा ठेवावा लागतो नाहीतर वरचा थर पक्का होत नाही. छपाईला मिनिटं लागली तरी पुढचा कारभार आठवड्यांचा. आणि लाईट गेली की संपलं, म्हणून अशा लॅबमधे लेसरच्या आधी बॅकअप बघतात.

एक जण "थ्रीडी प्रिंटिंग स्टेम सेल" म्हणून पैसे मागतोय, देऊ का?

देऊ नका. आधी तीन गोष्टी विचारा. ही मान्य ट्रीटमेंट आहे की चाचणी? चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी नंबर काय? एथिक्स कमिटी कुठली? भारतात २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार असे पेशींचे प्रॉडक्ट नवीन औषधात धरतात, त्याला परवानगी लागते. आयसीएमआर, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या गाईडलाईननुसार रक्ताच्या काही आजारांतलं स्टेम सेल ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकीचं सगळं चाचणीच्या चौकटीतच करायचं, आणि चाचणीतल्या पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. समोरचा नंबर देण्याऐवजी "आमच्याकडे रिझल्ट बघा" म्हणत फोटो दाखवायला लागला की उठून या. जमीन विकून पैसे भरलेले लोक मी बघितलेत.

डोळ्याच्या बुबुळावर फूल पडलंय, ते प्रिंट करून मिळेल?

अजून नाही, पण भारतात यावर चांगलं काम आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट, आयआयटी हैदराबाद आणि तिथलीच पेशींवर संशोधन करणारी सरकारी संस्था सीसीएमबी यांनी मिळून २०२२ मधे माणसाच्या कॉर्नियाच्या मालापासून छापलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवून दाखवला. ते लेसरचं काम नव्हतं हे सांगून ठेवतो. आज गरज आहे ती दान झालेल्या कॉर्नियाची, तेही ६ तासांच्या आत.

भारतात अजून कोण करतं?

बेंगळुरूची पँडोरम टेक्नॉलॉजीज, तिने २०१५ मधे लिव्हरचा छापलेला टिश्यू जाहीर केला होता. आयआयटी दिल्लीत कातडी आणि कूर्चावर काम झालंय. बेंगळुरूच्याच अवे बायोसायन्सेसने देशी बायोप्रिंटर बनवला आणि तिथल्याच आयआयएससी या विज्ञान संस्थेत बसवला. यातलं बहुतेक काम सिरिंज किंवा प्रकाशाने जेल घट्ट करायच्या पद्धतीचं.

माणसात जात नाही तर मग या सगळ्याचा आज उपयोग काय?

औषध आणि कॉस्मेटिक तपासायला. भारतात २०१४ पासून आणि युरोपात २०१३ पासून कॉस्मेटिकसाठी प्राण्यांवर चाचणी बंद आहे, मग क्रीम कशावर तपासणार, तर अशा टिश्यूवर. पोइएटिसने २०१६ मधे लोरेआलसोबत केसाचं मूळ छापायचा करार केला होता तो त्याच हेतूने, टक्कल पडलेल्यांनी लगेच फोन करू नये. कॅन्सरची गाठ छापून तिच्यावर वेगवेगळी औषधं लावून बघणं हे पण चालतं. पैसा आज इथेच आहे आणि पुढची पाचसात वर्षं मला वाटतं इथेच राहील.

हाई मशीन आपला गावमा येई का भो?

आत्ते तरी नही. जळगाव, धुळे, नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, तिथे आधी चांगलं बर्न युनिट आणि कातडी गोळा करायची सोय झाली तर लेसरपेक्षा दहापट जास्त जीव वाचतील, हे माझं मत.

मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला यात जायचंय.

जाऊ द्या की. बायोटेक, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, फार्मसी, फिजिक्स, कुठूनही येता येतं, आणि लेसरसाठी फिजिक्सवाल्यांची तर टंचाईच असते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून किंवा शिरपूरच्या फार्मसी-इंजिनिअरिंगमधून सुरुवात करून पुढे गेट किंवा नेट देऊन आयआयटी, आयआयएससी, तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा वैद्यकीय संस्था असं जाता येतं. पहिल्या दोन वर्षांत लेसर दिसणार पण नाही, पेशी सांभाळणं, मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचं पाणी, बदलणं, इन्फेक्शन झालेली प्लेट फेकून परत सुरू करणं, हेच चालेल. पीएचडीपर्यंत जायची तयारी पाहिजे, बीएस्सीवर यात नोकरी शोधायला निघाली तर त्रास होईल. सुट्टीत एखाद्या केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमधे महिनाभर काम मिळालं तर करू द्या, निर्जंतुक हाताने काम करायची सवय तिथे लागते आणि ती सवय नंतर कुठला प्रोफेसर शिकवत बसत नाही.